जागलीसाठी चार्जिंगची दणकट बॅटरी कोणती घ्यावी?

पांदणवाला, केळापूर (यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमचं वावर टिपेश्वरच्या जंगलापासून अडीच-तीन किलोमीटरवर आहे. सहा एकर. चारात पऱ्हाटी आणि तूर, दोनात हरभरा. तूर शेंगांवर आली की डुकरं येतात, हरभरा घाट्यावर आला की रोही (नीलगाय). दिवाळीपासून होळीपर्यंत मी आणि काका आळीपाळीनं जागलीला (रात्रभर पीक राखायला) असतो. त्यात मोटरची लाइन कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून ओलितासाठीही अंधारात फिरावंच लागतं.

दोन वर्षांपूर्वी बाजारातून प्लास्टिकची मोठी चार्जिंगची बॅटरी घेतली होती. पहिला हंगाम बरी चालली. दुसऱ्या हंगामात रात्रभर चार्ज करूनही अर्ध्या तासात पिवळी पडायला लागली. मागच्या पौषात रात्री दोनला मोटर बंद करायला निघालो आणि मधल्या धुऱ्यावर (बांधावर) ती एकदम गेली. तुरीत वीसेक पावलांवर काहीतरी खसखसत होतं. डुक्कर होतं, रोही होता की आणखी काही, कळायला मार्ग नव्हता. मोबाइलच्या उजेडात पावलापुढचं ढेकूळ तेवढं दिसत होतं. तसाच उभा राहिलो, आवाज लांब गेल्यावर घरी आलो. त्या रात्रीपासून काकांना एकट्याला पाठवायची हिंमत होत नाही.

ऑनलाइन पाहिलं तर अशा बॅटऱ्या ‘हंटिंग’ नावानं विकतात. मला शिकार करायची नाही. जनावर लांबून दिसावं, ते आवाज करून परतावं आणि माणूस धडपणी घरी यावा, एवढंच हवं. अडीच हजारापर्यंत खर्च करू शकतो. पडली तरी फुटू नये, दवात बिघडू नये, रात्रभर पुरावी. कोणाच्या वापरात असेल तर सांगा.

संत्रापट्टा, वरुड

भाऊ, प्लास्टिकची परत घेऊच नका. सोलर पट्टी लावलेली पण नाही, तळहाताएवढ्या पट्टीवर दिवसभरात काही भरत नाही. ॲल्युमिनियमची, एका सेलवर चालणारी घ्या. माझी विहिरीच्या काठावरून खाली पायरीवर पडली, कड चेपली, पण अजून चालते.

फ्यूजवायर, आर्णी

माझं मोटर रिवाइंडिंगचं आणि किरकोळ इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. हंगामात आठवड्याला दोन-चार टॉर्च टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची जुनी बॅटरी बहुतेक लेड-ॲसिडची होती. तिचा स्वभाव असा की उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ते पुरतं निघत नाही. होळीला जागल संपते, बॅटरी खुंटीला लागते, आणि दिवाळीला खाली काढली की मेलेली असते. तुमचं काही चुकलं नाही, तिला दर महिन्याला चार्ज करा असं कोणी सांगतच नाही. आता लिथियम सेलचीच घ्या. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची अट एकच: सेल बाहेर काढता आला पाहिजे. आत पक्का बसवलेला सेल तीन-चार वर्षांनी थकला की अख्खी टॉर्च फेकावी लागते. निघणारा असेल तर नवा सेल टाकला की काम सुरू. शिवाय एक भरलेला सेल डब्यात ठेवला की रात्री दोनला धुऱ्यावर उभं राहायची पाळी येत नाही.

सेल दोन मापांचे मिळतात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. खऱ्या १८६५० मध्ये साधारण साडेतीन हजार एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) मावतात, २१७०० मध्ये सहसा पाच हजार. बाजारात १८६५० वर ९९०० एमएएच छापून विकतात, तो सरळ खोटा माल आहे. किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर ठेवून पाहा. चांगला १८६५० पंचेचाळीस-सत्तेचाळीस ग्रॅम भरतो. माझ्याकडे एकदा ९९०० छापलेला आला, तो तीस ग्रॅमसुद्धा नव्हता.

आता रात्रभर पुरण्याचा हिशोब. पाच हजार एमएएचला ३.६ व्होल्टनं गुणलं की १८ वॉट-तास होतात. चांगला एलईडी एका वॉटमागे साधारण १०० लुमेन (उजेडाचं माप) देतो. म्हणजे १०० लुमेनवर चालवली तर पंधरा-सोळा तास, आणि १००० लुमेनवर दोन तासांच्या आत खलास. खोक्यावर मोठ्या अक्षरात २००० लुमेन लिहिलेलं असलं तरी तो उजेड दोन-चार मिनिटांचा असतो. मग टॉर्च तापते आणि आतली सर्किट स्वतःच उजेड कमी करते. तो बिघाड नाही, तसं केलं नाही तर एलईडी जळेल. म्हणून घेताना मोठा आकडा पाहण्याआधी मधला आणि खालचा मोड किती लुमेनचा आहे ते पाहा. रात्र त्यावरच काढायची असते.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. कॉन्व्हॉयची सी८ जातीची टॉर्च लांब फेकीसाठी चांगली, साधी आहे आणि उघडून दुरुस्त करता येते. सोफिर्नची एससी३१ प्रो आखूड आहे, उजेड पसरट, टाइप-सीनं सरळ चार्ज होते. दोन्हीत १८६५० चालतो. पावती देणाऱ्याकडूनच घ्या.

पांदणवाला

फ्यूजवायर भाऊ, एवढं कोणी दुकानात सांगत नाही, मनापासून आभार. एक विचारतो. लुमेन जास्त म्हणजे लांब जाते असंच समजत होतो. तसं नाही का?

फ्यूजवायर

नाही. लुमेन म्हणजे एकूण उजेड किती, कॅन्डेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटला. पाटाचं पाणी सगळ्या वावरात सोडलं तर घोटाभर राहतं, तेच पाणी नळीतून काढलं तर लांब उडतं. तसंच हे. खोल, गुळगुळीत आरसा असलेली टॉर्च लांब फेकते. दाणेदार आरशाची जवळ पसरवते.

खोक्यावर जे मीटर लिहितात त्याचंही गणित आहे. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. ४०,००० कॅन्डेलाचं वर्गमूळ २००, म्हणून ४०० मीटर. पण त्या शेवटच्या मीटरवर उजेड जेमतेम पुनवेच्या चांदण्याएवढा असतो. जनावर ओळखायचं असेल तर अंतर निम्मं धरा. तुमचे सहा एकर चौकोनी धरले तर एक बाजू साधारण १५५ मीटर येते. ४०० मीटरवाली मचाणावरून या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पुरते. १००० मीटरवालीवर पैसे घालायची गरज नाही.

आजोबा_दारव्हा

पोरा, मी चाळीस वर्षं जागल केली. तेव्हा तीन सेलची पत्र्याची बॅटरी होती, उजेड मक्याच्या दाण्यासारखा पिवळा. तरी एक गोष्ट शिकलो ती सांगतो.

बॅटरी मारली की रोही, चितळ, मांजर, कोल्हा, बिबट, सगळ्यांचे डोळे चमकतात. डुकराचे तसे चमकत नाहीत. रोह्याच्या डोळ्याच्या मागं आरशासारखा पडदा असतो, डुकराला तो नसतो. म्हणून लोकं बॅटरी फिरवतात, डोळे दिसले नाहीत की म्हणतात वावर साफ आहे, आणि तिकडं वीस डुकरं तूर लोळवत असतात. डुक्कर अंगानं पाहायचं असतं, नाहीतर हलणाऱ्या ओळीनं. तुरीचे शेंडे वारा नसताना हलले की समजायचं. त्यासाठी उजेडाचा मधला ठिपका नुसता तीक्ष्ण असून भागत नाही, भोवती थोडा पसरट उजेडही पाह्यजे.

आणि धुऱ्यावर पायापाशी हिरवे बारीक ठिपके चमकले तर घाबरू नको, ते कोळी असतात. मोठे डोळे जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर स्थिर दिसले आणि उजेड मारूनही हलले नाहीत, तर पुढं जायचं नाही. पाठ न दाखवता मागं यायचं.

मोहफूल, सिंदेवाही

दादा, मी थोडं वेगळं सांगते. आमच्याकडे ताडोब्याच्या बाजूला मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बाया पहाटे चारला निघतात. दोन्ही हात टोपलीत आणि नजर खाली. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, म्हणून त्या दिवसांत आमच्या पट्ट्यात जीव जातात. हातातली बॅटरी आम्हाला कामाची नाही. आमच्या बचत गटानं कपाळाला बांधायच्या बॅटऱ्या घेतल्या. नजर जिकडं तिकडं उजेड. आता आम्ही पाच-सहा जणी सोबतच निघतो, बोलत-बोलत जातो, आणि उजाडल्याशिवाय झाडाखाली बसत नाही.

तुमच्या काकांनाही मोटर चालू करताना, नाका फोडताना दोन्ही हात लागतच असतील. त्यांच्यासाठी कपाळाची घ्या, शंभर-दीडशे लुमेनची पुष्कळ झाली. आणि उजेड पिवळसर घ्या. निळसर पांढऱ्या उजेडात पाचोळ्यावरची घोणस मला दिसतच नाही, पिवळसर उजेडात तिच्या अंगावरचे गोल उठून दिसतात. मण्यार तर रात्रीच फिरते, म्हणून आमच्या घरी आता खाटेखालीही बॅटरी मारूनच पाय खाली ठेवतात. चावलाच साप, तर भगताकडे वेळ न घालवता सरळ ग्रामीण रुग्णालय, तिथं लस असते.

फ्यूजवायर

ताईंचं अगदी बरोबर. खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा केल्व्हिनमध्ये असतो. ६५०० म्हणजे निळसर, ४००० ते ५००० म्हणजे साधा पांढरा, ३००० च्या आसपास पिवळसर. थंडीत धुई पडते तेव्हा जोरदार उजेड, रंग कोणताही असो, डोळ्यांसमोर भिंतीसारखा उभा राहतो.

धानकोठार, साकोली

आमच्याकडे धानाच्या बांधीत पाणी असतं, म्हणून माझा अनुभव पाण्याचा. खोक्यावरचा आयपी आकडा म्हणजे टॉर्च धूळ-पाणी किती झेलते ते. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे झेलते. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. एक्स लिहिलं असेल तिथं धुळीची परीक्षा झालेली नाही असं समजा, आयपी६८ मध्ये धूळ आणि पाणी दोन्ही आलं. पण आकडा कितीही असो, चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच उघडं राहिलं की सगळं व्यर्थ. माझ्या टॉर्चमध्ये चिखल असाच गेला. आता दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून आट्यांवरची माती जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पुसतो, रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावतो.

संत्रापट्टा

बॅटरीसोबत झटका मशीनचाही विचार करा. आमच्याकडे त्यानं जागल निम्म्यावर आली. फक्त कुंपणाच्या तारेत लाइनचा सरळ करंट कधीही सोडू नका. झटका मशीन क्षणभराचा धक्का देते, जनावर दचकून मागं जातं. सरळ करंटनं वाघही मेलेत आणि आपली माणसंही.

ज्ञानगंगाकाठ, खामगाव

‘आमच्याकडे फक्त डुकरं आहेत’ असं धरून कोणी चालू नये. टिपेश्वरात जन्मलेला वाघ २०१९ मध्ये शेतं-पांदणी तुडवत आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत आला होता. वाटेत किती जागल्यांच्या जवळून गेला असेल, त्यांना पत्ताही नसेल. दुसरं, जोरदार बॅटरी घेऊन जंगलाच्या हद्दीत शिरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे, रात्री तिथं लांब फेकीचा उजेड दिसला की वनरक्षक तसंच समजणार. नुकसान झालं तर उजाडल्यावर फोटो काढा आणि लगेच वन खात्याकडे पंचनाम्याचा अर्ज द्या.

फ्यूजवायर

सेलबद्दल राहिलेलं सांगून टाकतो. मे महिन्यात टिनाच्या कोठ्यात किंवा गाडीच्या डिक्कीत सेल ठेवू नका, आपल्याकडचं ऊन त्याला मारतं. हंगाम संपला की निम्मा भरलेला ठेवून द्या, घरातल्या थंड कोपऱ्यात. वरचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलं तर तो सेल वापरू नका, शॉर्ट होऊन पेट घेतो. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात नको, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. आणि झोळीत टॉर्च आपोआप लागते म्हणून निघताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा.

पांदणवाला

मंडळी, बारा रात्री झाल्या, म्हणून कळवतो. लांब फेकीची, १८६५० वर चालणारी घेतली, सोबत एक जादा सेल, आणि काकांसाठी कपाळाची. सगळं मिळून बजेटच्या तीनशे रुपये वर गेलं. सेल दोन्ही किराणा दुकानात तोलले, शेहेचाळीस-शेहेचाळीस ग्रॅम भरले.

परवा रात्री साडेबाराला मचाणावरून बॅटरी फिरवली. डोळे कुठंच नाहीत. पूर्वीचा मी असतो तर गोधडी ओढून झोपलो असतो. आजोबांचं आठवलं, म्हणून शेंड्यांकडे पाहिलं. वारा नव्हता आणि तिसऱ्या पट्ट्यातली एक ओळ हलत होती. उजेड तिथंच धरून डबा वाजवला तर नऊ डुकरं एकामागून एक नाल्याकडे गेली. लहान पिल्लं पण होती.

काका पहिल्या दिवशी कपाळाला पट्टा बांधायला तयार नव्हते. काल ओलिताला निघताना टोपी काढून त्यांनी स्वतःच पट्टा मागितला. मोहफूल ताई, तुमच्या गटानं कपाळाच्या बॅटऱ्या कुठून घेतल्या ते कळवाल का? आमच्या पांदणीवरच्या आणखी सात घरांना पाहिजेत.