जांभ्या खडकात सळ्या बसवण्यासाठी कोणते केमिकल घ्यावे?

सडेकर (पेडणे)
आमच्या गावात सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, समुद्राकडे उतरणारी एक जुनी पायवाट आहे. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते आणि खालच्या झरीवर जाणाऱ्या वयस्कर माणसांची पंचाईत होते. म्हणून वाटेच्या आतल्या बाजूच्या उभ्या जांभ्या खडकात, बाहेरच्या टोकाला कडी असलेल्या १६ मिमीच्या चाळीस सळ्या आडव्या बसवून त्यांतून हात धरायला साखळी ओवायची, असे आम्ही ठरवले आहे. भोकात सळी चिकटवायला दुकानदार अर्ध्या तासात सुकणारे स्वस्त पॉलिस्टर केमिकल सुचवतो, ठेकेदार महागड्या इपॉक्सीवर अडून बसला आहे आणि आमच्या मिस्त्रींच्या मते सिमेंटचा घोल पुरेसा आहे. कोणाचे ऐकावे?

चिरेबंदी (फोंडा)
ठेकेदाराचे ऐका, मात्र त्याने सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. जांभ्यात केमिकलच्या ताकदीआधी दगडाचीच ताकद संपते, त्यामुळे डब्यावर छापलेले काँक्रीटमधले आकडे तुमच्या काही कामाचे नाहीत. तरीही इपॉक्सी घ्यावे, कारण सुकताना ते फारच कमी आकसते, ओलावा सहन करते आणि खोल भोकात सळी नीट सरकवायला पुरेसा वेळ देते. पॉलिस्टर आकसते, सततच्या ओलीत त्याची पकड कमी होत जाते आणि आपल्याकडच्या उन्हात ते हातातल्या हातात घट्ट होते. पातळ सिमेंट आडव्या भोकातून वाहून येईल, हे मिस्त्रींनाही पटेल.

खरा फरक भोकामुळे पडतो. काही वर्षांपूर्वी आम्ही बसवलेली एक सळी हाताने हलवताच बाहेर आली. तिच्यावरचा केमिकलचा थर अखंड होता आणि त्या थराला सगळीकडून तांबडी धूळ चिकटलेली होती. केमिकलने सळी घट्ट धरली होती, पण दगडाऐवजी त्याची पकड बसली होती ती धुळीवर! तेव्हापासून भोक तळापासून फुंकणे, तारेच्या गोल ब्रशने घासणे, पुन्हा फुंकणे, आणि फुंकर स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहणे, हा क्रम मी कोणालाही मोडू देत नाही.

भोक २० मिमीचे आणि निदान ३०० मिमी खोल घ्या, आत किंचित उतरते ठेवा आणि दगड ठिसूळ लागल्यास ड्रिलचा हॅमर बंद करा. आत मऊ पिवळट माती लागली तर ती जागा सोडून द्यावी. वरचे कवच कडक असले तरी आत तसाच दगड असेलच, असे जांभ्याच्या बाबतीत कधी धरून चालू नये.

कड्यावरचा (म्हापसा)
मी गिर्यारोहण करतो, म्हणून केमिकलपेक्षा पोलादाबद्दल लिहितो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साधी सळी गंजते, गंज फुगतो आणि आतून दगड फोडतो. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवरही लवकरच तांबूस डाग पडतात, त्यामुळे ३१६ घ्या. थायलंडमधल्या क्राबीच्या समुद्रकड्यांवर स्टेनलेसचे बोल्ट आतल्या आत तडकल्यामुळे आता टायटॅनियम वापरतात, परंतु तिथे माणसाचा जीव बोल्टवर लटकतो. हाताच्या आधाराला ३१६ आणि दर वर्षीची तपासणी पुरे. सळ्या स्टेनलेसच्या आणि साखळी साध्या लोखंडाची, असे मात्र करू नका, कारण साखळी अधिक वेगाने गंजेल.

सडेकर (पेडणे)
मनापासून आभार. ३१६ ची किंमत ऐकून खजिनदार गप्प झाले आहेत, पण ते मान्य करतील. सळ्या गुळगुळीत चालतील का, आणि केमिकलच्या ५०० मिलीच्या कार्ट्रिज (भरलेल्या नळ्या) किती लागतील?

चिरेबंदी (फोंडा)
गुळगुळीत सळी नको. आटे पाडलेला स्टेनलेसचा रॉड किंवा स्टेनलेसचीच पिळाची सळी घ्या.

आता हिशेब. २० मिमीच्या भोकातून १६ मिमीची सळी वजा केल्यास ३०० मिमी खोलीला सुमारे ३४ मिली केमिकल लागते. म्हणजे ४० भोकांना १,३६० मिली, कागदावर तीन कार्ट्रिज. जांभ्याच्या पोकळ्या मात्र केमिकल पिऊन टाकतात, तेव्हा सहा आणा आणि फारच पोकळ भोकांत जाळीची नळी घाला. प्रत्येक नव्या नोझलमधून आलेले पहिले केमिकल रंग एकसारखा होईपर्यंत फेकून द्यावे लागते, तेही धरा. नोझल तळाशी टेकवून भोक दोन-तृतीयांश भरा आणि सळी पिळत आत घाला. तोंडाशी थोडे केमिकल बाहेर आले नाही, तर आत पोकळी राहिली असे समजून सळी लगेच काढून पुन्हा भरावे.

काम सकाळी लवकर करा. सुकण्याच्या तक्त्यात हवेचे तापमान न पाहता दगडाचे पाहावे, आणि एप्रिलमधल्या दुपारी तो किती तापतो हे हात लावून पाहिलेत की कळेल. साखळी दुसऱ्या दिवशीच ओवा. त्याआधी दोन-तीन जादा सळ्या बसवून त्या जॅकने ओढून पाहा. त्यांच्याबरोबर दगडाचा शंकूसारखा तुकडा उखडून आला, तर केमिकल बदलू नका, खोली वाढवा.