'रिअ‍ॅलिटी' (२०१२) वाचनालयात लावायचाय: सबटायटल सरकतात, आणि शेवटाचं काय करायचं?

खानापूर_रोड
आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळात मात्तेओ गार्रोनेचा 'रिअ‍ॅलिटी' लावायचं ठरलंय. बिग बॉससारख्या शोच्या घरात जायचं वेड लागलेल्या मासेविक्याचा इटालियन चित्रपट. ५०-६० माणसं येतील. त्यातली निम्मी बिग बॉस मराठी आणि कन्नड दोन्ही बघणारी. इंग्रजी सबटायटल पटापट वाचणारे कमी, म्हणून मराठीत करून घेतले. सुरुवातीला बरोबर लागतात, पण मध्यापर्यंत दोन-सव्वादोन मिनिटं मागे पडतात. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला तर अक्षरांच्या जागी चौकोन. शिवाय चित्रपट संपल्यावर सगळी चर्चा "तो खरंच घरात घुसला का?" यावरच अडकेल असं वाटतंय. आधी काही सांगावं का?

शहापूर_प्रोजेक्टर
हळूहळू वाढत जाणारा फरक म्हणजे फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्याचा, घोळ. सबटायटल २४ फ्रेमच्या प्रतीवरून केलेत आणि तुमचा व्हिडिओ २५चा आहे. मिनिटाला २.४ सेकंद सरकतात, म्हणजे तासाभरात २ मिनिटं २४ सेकंद. तुमचा आकडा बरोबर तिथंच येतो. सबटायटल एडिट नावाच्या प्रोग्राममध्ये फाईल उघडा, सिंक्रोनायझेशनमध्ये चेंज फ्रेम रेट घ्या, २४ वरून २५ करा. मूळ प्रत २३.९७६ची असेल तर तोच आकडा टाका, नाहीतर शेवटी सात-एक सेकंदांचा फरक उरतोच. मग सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी एकेक वाक्य तपासा. तिन्हीकडे सारखाच फरक राहिला तर काळजी नको, व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच दाबून तो काढता येतो.

चौकोनांचं कारण वेगळं. एकतर फाईल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात सेव्ह नाही, किंवा टीव्हीत देवनागरी फॉन्टच नाही. पहिलं नोटपॅडमध्ये सेव्ह अ‍ॅज करताना सुटतं, दुसऱ्याला टीव्हीवर इलाज नाही. काही टीव्ही अक्षरं दाखवतात पण जोडाक्षरं फोडतात, ते तर वाचवत नाही. सरळ लॅपटॉपवरून एचडीएमआयने लावा. तेही जमणार नसेल तर सबटायटल चित्रातच पक्के करा: सबटायटल एडिटमधून एएसएस (फॉन्ट ठरवता येतो असा सबटायटलचा प्रकार) करून नोटो सान्स देवनागरी फॉन्ट द्या, मग हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्राममध्ये ती फाईल घेऊन बर्न इनवर टिक करा. आधी पाच मिनिटांचा तुकडा काढून बघा, दोन तास वाट बघून फॉन्ट बारीक निघाला तर सगळं परत करावं लागतं.

एका वेळी दोनच ओळी, आणि एकही वाक्य दीड सेकंदापेक्षा कमी ठेवू नका. लग्नाच्या प्रसंगात आख्खं खानदान एकदम बोलतं. सगळ्यांचं लिहीत बसू नका, नायक लुचानो आणि त्याची बायको मारिया एवढ्यांचं पुरे. सपाट हॉलमध्ये खुर्च्या असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार फुटांवर हवी, नाहीतर मागच्यांना सबटायटलऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात.

निपाणी_मॅटिनी
वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो. लुचानोचं घर आणि बाजार नेपल्सच्या बोलीत बोलतो, टीव्हीवाले प्रमाण इटालियनमध्ये. घरच्यांना आपल्याकडचं "काय करूलास?" द्यायचा मोह होईल, पण सगळं बोलीत लिहिलं तर वाचायचा वेग पडतो. ठरावीक जागीच वापरा.

आता चित्रपटाचं. "बिग बॉसवरचा विनोदी सिनेमा" असं म्हणून लावू नका. लोक घर कधी येतंय याची वाट बघत बसतील, आणि घर येतं ते अगदी शेवटी. हा वाट बघण्याचा सिनेमा आहे. मासे विकणारा लुचानो पोरांच्या हट्टापायी मॉलमध्ये ऑडिशन देतो, मग रोमला चिनेचित्ता स्टुडिओत दुसरी. नंतर फोन येत नाही, आणि त्याला तोंडावर नाही असंही कुणी म्हणत नाही. सगळी गोची तिथं आहे. बाजारात आलेली अनोळखी माणसं चॅनेलने पाठवलेली आहेत असं त्याला वाटू लागतं, मग चांगुलपणा दाखवायला तो घरातल्या वस्तू वाटून टाकतो. गाडाही विकून टाकतो. भिंतीवरच्या किड्याकडे तो कसा बघतो तेवढं लक्षात ठेवा, त्या क्षणी हसू येतं आणि लगेच आवरतं.

प्रेक्षक अडखळतात ती जागा सुरुवातीलाच आहे: नवरा-बायकोचा स्वयंपाकघरातल्या यंत्रमानवांचा धंदा. म्हाताऱ्या बायकांच्या नावावर यंत्रं घ्यायची आणि परस्पर विकायची, अशी ती लबाडी. एका वाक्यात आधी सांगून टाका. पुढे तो देवमाणूस व्हायला का निघतो, हे त्याशिवाय कळत नाही.

प्रमुख नट आनिएल्लो आरेना जन्मठेपेचा कैदी होता, इटलीतल्या वोल्तेर्रा गावच्या तुरुंगातल्या नाटक मंडळीतला, हेही आधीच सांगा. लोक सावरून बसतात.

चिकोडी_शेवटची_रांग
शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध. कैद्याचं आधी सांगितलंत तर जवळपास दोन तास लोक लुचानोऐवजी कैदीच बघतील. नंतर सांगा. चित्रीकरणासाठी तो तुरुंगातून बाहेर यायचा आणि परत जायचा, हे चित्रपट बघून झाल्यावर ऐकलं की खरं बसतं. कान महोत्सवाचा २०१२चा ग्रां प्री (तिथला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान) मिळाल्याचं मात्र आधी सांगायला हरकत नाही. गार्रोनेला हाच सन्मान २००८ मध्ये 'गोमोर्रा'साठीही मिळाला होता.

शेवटाला हात लावू नका. गुड फ्रायडेच्या रात्री तो रोमच्या गर्दीतून सटकतो आणि त्या घरात शिरतो. आतली माणसं त्याच्याकडे बघतही नाहीत. घरात गेला की नाही यापेक्षा "त्याला कुणी पाहिलं का?" हे विचारा, चर्चा आपोआप वळते. आणि पहिलं दृश्य आठवायला सांगा: कॅमेरा आकाशातून खाली येऊन सोनेरी बग्गी शोधतो. शेवटी तोच कॅमेरा वर-वर जातो.

हक्कांचं विसरू नका. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमातली सूट शिक्षणसंस्थेला आहे, तीही विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांपुरतीच. गावच्या वाचनालयाला ती लागू होत नाही. तिकीट नसलं तरी हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. कॉलेजच्या हॉलमध्ये गावजेवणासारखं सगळ्यांना बोलावलं तर सूट तिथंही जाते.

खानापूर_रोड
२३.९७६ वरून २५ केलं, तिन्ही जागी जुळलं. परवानगीसाठी वितरकाला मेल टाकतो. मध्यंतर कुठं करावं? चहा नाही म्हटलं तर अर्धे उठून जातील.

निपाणी_मॅटिनी
चिनेचित्ताची ऑडिशन संपून तो खुशीत बाहेर येतो, तिथं. त्यानंतर एकदा वाट बघणं सुरू झालं की मध्ये तोडू नका. चहा दहा मिनिटांत आटपा आणि दिवे लावायच्या आधी व्हिडिओ पॉज करा, काही प्लेअर बंद करून परत लावले की सबटायटलची निवड विसरतात.