मदत हवी आहे: आईचं दुखणं मानेचं की खांद्याचं? आणखी किती थांबावं?

नमस्कार. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. आई ६१ वर्षांची, १२ वर्षांपासून शुगर, गोळ्या चालू आहेत.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, ती धाब्यावर (गच्चीवर) नातवाच्या पतंगाची फिरकी धरून दिवसभर उभी होती, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणालाही तेच. नंतर आठवडाभर घरात सगळेच माना चोळत होते. बाकीच्यांच्या सुटल्या. आईचा उजवा खांदा मात्र तीन महिने होत आले तरी दुखतोच आहे, उलट वाढतोय.

ती आपणहून सांगणारी नाही. गेल्या गुरुवारी मी खोलीत गेले तर डाव्या हाताने केस विंचरत होती. अंबाड्यासाठी उजवा हात मागे जाईना, तेव्हा मान खाली घालून सगळे केस पुढे घेतले आणि एका हाताने कसाबसा पेड गुंडाळला. डाळींचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर का आले, ते मला तेव्हा कळलं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

एका ठिकाणी मानेचा एक्स-रे काढला. 'मणक्यांतला गॅप कमी झालाय' म्हणून गळ्याला पट्टा आणि दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पट्ट्याने काही फरक नाही. शेजारच्या काकू म्हणतात, मालीशवाल्याकडून मान मोडून घ्या. मला धीर होत नाही.

बाबांचा डावा खांदा भरून आला होता तेव्हा आम्ही मलम चोळत बसलो होतो, आणि निघाला हार्ट अटॅक. ते वाचले, पण घरात कुणाचा खांदा दुखला की अजून पोटात गोळा येतो. थांबण्यासारखं दुखणं कोणतं आणि लगेच पळायचं कधी, हे कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद

ताई, मी इंदूरला फिजिओथेरपिस्ट आहे. हात लावून तपासल्याशिवाय निदान होत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला मानेपेक्षा खांद्याची शंका येते. मानेतली नस दबली की बहुधा कळ कोपराखाली उतरते, बोटांत मुंग्या येतात, मान वळवली की वाढते. साठीतल्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसतेच, काही दुखत नसलेल्यांच्याही दिसते.

घरी एक करून बघा. आईंना दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून काटकोनात धरायला सांगा आणि पंजे बाहेरच्या बाजूला उघडायला लावा. मग उजवा पंजा तुम्ही स्वतः हलकेच बाहेर न्या. तुम्ही नेऊनही तो अडत असेल, तर खांदा आखडलेला असू शकतो, म्हणजे फ्रोझन शोल्डर. शुगर असलेल्यांत तो जास्त आढळतो. फिरकीला दोष देऊ नका, बरेचदा काहीच कारण सापडत नाही. बरा होतो, पण वर्ष-दोन वर्षंही घेतो, म्हणून व्यायाम लवकर सुरू झालेला बरा. खांद्यात इंजेक्शन सुचवलं तर शुगरचं आधी सांगा, स्टेरॉइडने ती काही दिवस चढते.

मान मोडून घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत.

नुसती मान अवघडली असेल तर शेक, हलकी हालचाल आणि दोन-तीन आठवडे पुरतात. पण हातातून वस्तू सुटायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तापाबरोबर मान ताठ झाली किंवा पडल्या-आपटल्यावर दुखणं सुरू झालं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. खांदा किंवा हात भरून येऊन छातीत दाब, घाम, धाप असेल तर १०८ लावा, मलम शोधत बसू नका. आईंना शुगर आहे, त्यामुळे छातीत न दुखता नुसती धाप लागली, घाम फुटला तरी तेच करा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. रात्री जेवणं झाल्यावर करून पाहिलं. डावा पंजा सहज बाहेर उघडला. उजवा मी धरून नेला तरी मध्येच अडला, आणि आईने डोळे मिटून घेतले. इतके दिवस आम्ही तिच्या गळ्यात पट्टा अडकवून ठेवला होता, याचं फार वाईट वाटलं. बाकीचं एकेक विचारलं, तसं काही नाही.

पट्टा काढून ठेवलाय. सकाळी सयाजी हॉस्पिटलला हाडांच्या ओपीडीत केसपेपर काढायला जातोय, शुगरचे रिपोर्ट पिशवीत भरले आहेत. डॉक्टर काय म्हणतात ते इथेच लिहीन.