अनुभव धागा : रॉ की नायट्रो?

नव्वदच्या दशकात टीव्हीवरच्या अमेरिकन रेसलिंगवरून सिडकोतल्या आमच्या गल्लीत दोन तट होते. कंपन्या दोन : डब्ल्यूडब्ल्यूएफचा कार्यक्रम रॉ, डब्ल्यूसीडब्ल्यूचा नायट्रो, अमेरिकेत दोन्ही एकाच वेळी लागायचे. बहुतेक पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफची, तिथल्या अंडरटेकर या रेसलरवर जीव टाकणारी. मी आणि माझा चुलतभाऊ डब्ल्यूसीडब्ल्यूचे. कार्टून नेटवर्क संपून त्याच चॅनेलवर टीएनटी लागलं की आम्ही डब्ल्यूसीडब्ल्यूच्या स्टिंगची वाट बघायचो. जुलै १९९६ मध्ये हिरो असलेला हल्क होगन फिरला, स्कॉट हॉल आणि केविन नॅश या व्हिलनना जाऊन मिळाला. ते पाहिलं त्या दिवशी भाऊ जेवला नाही. तुम्ही कोणत्या तटात होता? सविस्तर लिहा.

पंचवटीतून
आमच्याकडे केबल नव्हती. माझी बाजू रेसलरांच्या ट्रम्प कार्डांनी ठरवली. मधल्या सुट्टीत रँक, हाइट, वेट, चेस्ट! वेटला अगडबंब योकोझुना काढला की समोरच्याचं कार्ड गेलंच. वर्गात फिरणारे सगळे कॅट डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणून मीही त्यांचीच.

नाशिकरोडहून
माझे आजोबा तालमीत घुमलेले. टीव्हीवर मॅच लागली की शेजारी येऊन बसत. "पाठ टेकली म्हणजे चितपट. मग हा पंच तीन आकडे कशाला मोजतो?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. पण डब्ल्यूडब्ल्यूएफचा मिक फोली त्यांना मनापासून आवडायचा, एवढा मार खाऊन पुन्हा उभा राहतो म्हणून. पुढे कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत मी ४ जानेवारी १९९९ ची हकीकत वाचली. त्या दिवशीचा रॉ आधीच चित्रित झाला होता. फोली जिंकणार, हे नायट्रोच्या समालोचकाने थेट प्रक्षेपणात फोडून टाकलं. समोरचा कार्यक्रम कोणी बघू नये म्हणून. झालं उलटंच. फोलीला जिंकताना बघायला लोकांनी चॅनेल बदललं. घरी येऊन सांगितलं, तर आजोबांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली. मी जिंकणाऱ्यांतला, तरी करमेना. ज्यांच्याशी तावातावाने भांडायचो ती दोन पोरं आता आमच्यातच बसून रॉ बघायची, गप्प.

सातपूरहून
२०१९ मध्ये एईडब्ल्यू ही नवी रेसलिंग कंपनी आली आणि मला पुन्हा बाजू मिळाली. तिचा कार्यक्रम डायनामाइट अमेरिकेत बुधवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे गुरुवारी पहाटे. पहिल्या पाळीला निघायच्या आधी जेवढं दिसेल तेवढं बघायचो. ऑगस्ट २०२१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा जुना रेसलर सीएम पंक एईडब्ल्यूत आला, तेव्हा बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. २०२३ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा डब्ल्यूडब्ल्यूईत, म्हणजे पूर्वीच्या डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये, गेला. तो सेगमेंट मी अजून पाहिलेला नाही.