डोकेदुखी आणि चक्कर: आधी काढा की आधी तपासणी?

खलबत्ता:
आयुर्वेद म्हणजे कपाळाला सुंठ फासणं, एवढीच बहुतेकांची समजूत असते. माझं म्हणणं असं की निदान झालेलं असेल आणि धोक्याची लक्षणं नसतील, तर अर्धशिशीत आणि पित्ताच्या डोकेदुखीत पथ्यादी काढा आणि नस्य (नाकात औषधी तेल सोडणं) आधी वापरावं. सगळं करून थकल्यावर नव्हे.

काढा फसतो तो करण्यात. हरडा, बेहडा, आवळा, हळद, काडेचिराईत, कडुनिंबाची साल, गुळवेल, सगळं समभाग. भरड हवी, वस्त्रगाळ चूर्ण तळाला बसून करपतं आणि गाळलं तरी गाळ पोटात जातोच. १० ग्रॅम भरडीला १६० मिली पाणी घालून, झाकण न ठेवता, मंद आचेवर ४० मिली उरेपर्यंत आटवा. मोठ्या आचेवर पाणी लवकर उडतं पण अर्क उतरत नाही. शेवटी थोडा गूळ. तो शार्ङ्गधराच्या जुन्या आयुर्वेद ग्रंथातल्या पाठातच आहे, हौस म्हणून नाही. काढा रोज ताजा. जुलाब झाले तर मात्रा निम्मी करा, गरोदरपणात घेऊच नका.

नस्यासाठी अणुतेलाची बाटली कोमट पाण्यात धरायची. कपाळ आणि गालांना तेल चोळून शेक, मग उताणं पडून मान किंचित मागे, दोन्ही नाकपुड्यांत २-२ थेंब. घशात उतरेल ते थुंकायचं, गिळायचं नाही. भरल्या पोटी, डोक्यावरून अंघोळ झाल्या झाल्या, तापात किंवा ताज्या सर्दीत नस्य नको.

तिसरा कान:
डोकेदुखीबद्दल नंतर बोलू. शीर्षकात चक्करही आहे आणि तुमच्या उपायांत तिचा पत्ताच नाही.

अंथरुणात कूस बदलताना किंवा वर बघताना खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, ही चक्कर बहुधा कानातल्या सुट्या झालेल्या चुनकणांची असते. अर्धवर्तुळाकार नलिकेत घसरलेला कण काढ्याने परत जागेवर कसा जाईल? त्याला एप्ले क्रिया लागते. दोष उजव्या कानात असेल तर बसून मान उजवीकडे ४५ अंश वळवायची, तशीच ठेवून झटकन उताणं पडायचं, डोकं खाटेच्या कडेखाली २०-३० अंश लोंबतं. गरगर थांबली की आणखी अर्धा मिनिट थांबून डोकं डावीकडे ९० अंश फिरवायचं. पुन्हा तेवढंच थांबून अंगासकट डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. मग पाय सोडून उठायचं. मधेच घाबरून डोकं उचललं की कण मागे घरंगळतात आणि लोक म्हणतात उपाय चालत नाही. कुठला कान आणि कुठली नलिका हे आधी तपासून घ्यावं लागतं. मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर एकट्याने करू नये.

उठून उभं राहिल्यावर येणारी चक्कर वेगळी. उभं राहिल्यापासून ३ मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर आधी चालू औषधांची यादी बघा.

शंकासुर:
खलबत्ता, तुमच्या काढ्यातली गुळवेल निरुपद्रवी आहे असं गृहीत धरलंय का? कोविडकाळात गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती वनस्पती खरी गुळवेलच होती हे सिद्ध झालेलं नाही. समजा तसं असेल. मग भरडीच्या पुडीत काय आहे हे घेणाऱ्याने कसं ओळखायचं?

सुंठीचंही तेच. २०१४ च्या इराणमधल्या चाचणीत २५० मिलिग्रॅम सुंठपूड अर्धशिशीच्या झटक्यात सुमाट्रिप्टानच्या (अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गटातल्या गोळीच्या) तोडीची ठरली, हे सगळे सांगतात. तीत बिनऔषधी गोळीचा गट नव्हता, हे कोणी सांगत नाही. आणि झटके टाळण्यासाठी रोज आल्याचा अर्क देऊन पाहिला, तो २०२० च्या ब्राझीलमधल्या चाचणीत बिनऔषधी गोळीहून सरस ठरला नाही.

खलबत्ता:
गुळवेलीबद्दल मान्य. यकृताचा जुना आजार किंवा स्वप्रतिकार (ऑटोइम्यून) आजार असेल तर गुळवेल वगळावी, आणि लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले की काढा त्याच दिवशी बंद. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे? साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस, किंवा ट्रिप्टान आणि मिश्र गोळ्या १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी चालू ठेवते. काढ्याने गोळ्यांचे दिवस कमी झाले तर तेवढ्यासाठीही तो मला चालेल.

शंकासुर:
"झाले तर." त्यासाठी दुखलेले दिवस आणि घेतलेल्या गोळ्या लिहून ठेवाव्या लागतात. काढा पिणाऱ्यांपैकी किती जण लिहितात?

रसशाळा:
तुम्ही दोघं काढ्यावर भांडताय, पण लोक खातात त्या तयार गोळ्या. लघु सूतशेखर म्हणजे शुद्ध सोनगेरू (गेरूची माती) दोन भाग, सुंठ एक भाग, विड्याच्या पानाच्या रसाची भावना, म्हणजे त्या रसात खलणं. बस्स. नाव जवळजवळ तेच असलेल्या सूतशेखर रसात मात्र पारा, गंधक, ताम्रभस्म, बचनाग (विषारी मूळ) आणि धोत्र्याचं बी असतं. एकाऐवजी दुसरी डबी उचलली, तर पित्ताची म्हणून घेतलेली गोळी तोंड कोरडं पाडते, धूसर दिसतं, छातीत धडधडतं. शिरःशूलादिवज्र रसातही पारा आहे. ही औषधं वैद्यांच्या देखरेखीखालीच. डबीवर घटक वाचल्याशिवाय गोळी जिभेवर नको.

"झाडपाला आहे, चालतो" याची आणखी दोन उदाहरणं. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला. म्हणूनच रक्तदाबाच्या गोळीवर सर्पगंधा घेतली की दाब आणखी उतरतो आणि चक्कर वाढते. ज्येष्ठमध उलटं करतं. बरेच दिवस घेतल्यास शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, दाब चढतो.

जाता जाता, सुंठीचा लेप वाईट नाही. सहाणेवर पाण्यात उगाळून, भुवयांच्या वर, डोळ्यांपासून दूर. कडेने सुकून त्वचा ओढायला लागली की कोमट पाण्याने धुवा, नाहीतर कातडी भाजते. सर्दीने जड झालेल्या डोक्याला बरं वाटतं, पित्तात चंदन.

तिसरा कान:
नस्याबद्दल राहिलं होतं. गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांना नाकात तेल घालू नका. ते न कळत श्वासनलिकेत झिरपतं आणि महिनोन्‌महिने चाललं तर फुप्फुसात तेलाचा न्यूमोनिया होतो.

आणि खलबत्ता, तुम्ही "धोक्याची लक्षणं" दोन शब्दांत उरकलीत. क्षणात शिगेला गेलेली डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेलं दुखणं, चकरेसोबत बोबडं बोलणं, दोन दिसणं किंवा तोल जाऊन चालता न येणं, यांतलं काहीही असेल तर चूल पेटवू नका. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देतात, आणि त्याआधी स्कॅन व्हावा लागतो.

खलबत्ता:
यावर वाद नाही. मूळ मुद्दा सोडत नाही: अर्धशिशीच म्हणून निदान झालेल्याला महिन्यातून चार-पाच झटके येत असतील, तर सहा आठवडे काढा आणि नस्य, सोबत शंकासुर म्हणतात ती वही. दुखलेले दिवस कमी झाले नाहीत तर काढा बंद करा.