मदत हवी आहे: कर्ज चालू असलेली गाडी टेक्सासहून जर्मनीला न्यायची आहे (आर्मी पोस्टिंग)

सातारकरीण

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं एकदाच सांगते.

माझा नवरा यूएस आर्मीत आहे. आम्ही टेक्सासात फोर्ट हूडजवळ, किलीनला राहतो. त्याला जर्मनीत व्हिल्सेकचं पोस्टिंग आलंय, ३६ महिन्यांचं, कुटुंबासकट. १० ऑगस्टला तिथे हजर व्हायचं आहे. ऑर्डर्सवर एक गाडी सरकारी खर्चाने नेता येते, त्यामुळे बोटीच्या भाड्याची काळजी नाही. ८०० घनफुटांची मर्यादा आहे, आमची रॅव्ह फोर त्यात आरामात बसते.

अडलंय ते कर्जापाशी. अजून ४१ हप्ते बाकी आहेत, टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, बँकेकडे आहे, आणि करारात लिहिलंय की बँकेच्या लेखी परवानगीशिवाय गाडी देशाबाहेर न्यायची नाही. ते पत्र दाखवल्याशिवाय डलासच्या व्हेइकल प्रोसेसिंग सेंटरवर गाडी जमा करून घेणार नाहीत. तिथली आमची तारीख १४ जुलै आहे.

बँकेला तीनदा फोन केला. पहिल्या बाई म्हणाल्या, आधी पूर्ण कर्ज फेडा. दुसरा म्हणाला, असं पत्र आम्ही देतच नाही. तिसरीने ऑर्डर्सची प्रत फॅक्स करायला सांगितली. त्याच दिवशी केली. त्याला आज नऊ दिवस झाले. फोन केला की "काम चालू आहे" एवढंच उत्तर. कोणाकडे चालू आहे, ते कोणी सांगत नाही.

भाऊ म्हणतो, विकून टाक. हिशोब केला. कर्ज बाकी २१,४०० डॉलर, डीलर १८,००० च्या वर जात नाही. म्हणजे गाडी देऊन वर ३,४०० डॉलर आपणच भरायचे, आणि तिकडे उतरल्यावर पुन्हा गाडी शोधत फिरायचं. दोन वर्षांच्या मुलीला घेऊन नव्या देशात, छोट्या गावात गाडीशिवाय राहणं मला जमणार नाही.

माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावहून बदली झाली की आमची चेतक स्कूटर रेल्वेच्या पार्सलने जायची. आदल्या दिवशी टाकीतलं पेट्रोल पार काढायचं, आरशांना आणि हँडलला गोणपाट गुंडाळायचं आणि दाभणाने शिवायचं. शिवायचे बाबा, सुतळीचं टोक ताणून धरायचे मी. बदली म्हटलं की मला अजून त्या गोणपाटाचा वास येतो. स्कूटर आमची होती, न्यायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. इथे एक हप्ता चुकलेला नाही, गाडी रोज दारात उभी असते, आणि ती आपली नाही हे मला या पंधरवड्यात पहिल्यांदा कळलं. फार लागलं ते मनाला.

ज्यांनी गाडी नेली आहे त्यांनी कृपया सांगा: बँकेच्या पत्रात नेमकं काय असावं लागतं, आणि ते लवकर मिळवायचा काही मार्ग आहे का? नवरा १४ ते २० जुलै सरावावर असेल, तर १४ ला मी एकटी गाडी जमा करू शकते का? विम्याचं काय करायचं? आणि लष्करातल्या लोकांना कायद्याने कर्ज मोडता येतं असं एका मैत्रिणीने सांगितलं, ते खरं आहे का?

समुद्रकाठ

ताई, आम्ही २०१९ मध्ये नॉरफोकहून गाडी दिली होती, तीही कर्जावरचीच.

मैत्रिणीने सांगितलंय ते भाडेपट्ट्याबद्दल, म्हणजे लीजवरच्या गाडीबद्दल. सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्टखाली परदेशी बदलीची ऑर्डर असेल तर लीज मोडता येतं. कर्ज तसं मोडता येत नाही. त्याच कायद्यात व्याजाला ६ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती नोकरीत येण्याआधी काढलेल्या कर्जाला. तुमचं नंतरचं दिसतंय.

पत्रासाठी कॉल सेंटरच्या नादी लागू नका. टायटल किंवा लीन (गाडीवरचा बँकेचा बोजा) बघणारा विभाग मागा, बऱ्याच बँकांत लष्करी ग्राहकांसाठी वेगळी माणसं असतात, तीही विचारा. पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं. त्यात कर्जदाराचं नाव ऑर्डर्सवर आहे तसंच, गाडीचा १७ अंकाक्षरी व्हिन नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक), कोणत्या देशात न्यायला परवानगी आहे ते, तारीख, सही आणि बँकेचा फोन. मिळालं की व्हिन रजिस्ट्रेशनशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. आमच्या पुढच्या रांगेतल्या मुलाला एका अक्षरासाठी परत पाठवलं होतं. तो दोनशे मैलांवरून आला होता.

तुम्ही एकट्या जमा करू शकता, पण नवऱ्याकडून पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे मुखत्यारपत्र, करून घ्या. बायको असलो तरी लागते. बेसवरच्या लीगल असिस्टन्समध्ये फुकट करून देतात. जाल तेव्हा बँकेची अडचणही तिथेच सांगा, ते वकील आपल्या लेटरहेडवर बँकेला लिहितात आणि मग बँक हलते.

आणखी दोन गोष्टी, कोणी आधी सांगत नाही म्हणून. व्हिन टाकून गाडीवर रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का ते आजच बघा, बाकी असेल तर गाडी घेत नाहीत. दुसरं, टेक्सासच्या उन्हापायी पुढच्या दारांच्या काचांना फिल्म लावली असेल तर ती काढावी लागेल. जर्मनीत पुढच्या काचांना चालत नाही, तिथल्या तपासणीत गाडी नापास होते. टाकीत पाव किंवा त्याहून कमी पेट्रोल ठेवा, आणि गाडी खालूनसुद्धा धुऊन न्या. माती दिसली की परत पाठवतात.

एडिसनकर

मी विम्यात काम करतो, तेवढ्यापुरतं सांगतो. अमेरिकेतली नेहमीची पॉलिसी अमेरिका, तिचे प्रदेश आणि कॅनडा एवढ्यातच चालते. जर्मनीसाठी वेगळी घ्यावी लागते, आणि तिचा पुरावा दाखवल्याशिवाय तिथे गाडीची नोंदणी होत नाही. लोक इथे एक चूक करतात. तिथे सक्तीचा असतो तो फक्त थर्ड पार्टी विमा, म्हणून स्वस्तातला तेवढाच घेतात. तुमच्या बँकेला पूर्ण विमा लागतो, शिवाय लॉस पेयी, म्हणजे नुकसानभरपाई ज्याला मिळते तो, म्हणून बँकेचं नाव हवं. तो नसेल तर बँक स्वतः विमा उतरवते आणि त्याचा चढा हप्ता तुमच्या कर्जात घालते. समुद्रातल्या प्रवासाचा विमा आणखी वेगळा असतो. गॅप विमा (गाडीची किंमत आणि बाकी कर्ज यातला फरक भरणारा) घेतला असेल तर तो देशाबाहेर लागू आहे का, हे त्याच्या कागदात वाचा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

सातारकरीण

खूप खूप आभार दोघांचे. बुधवारी नवऱ्याला घेऊन लीगल असिस्टन्सला गेले. तिथल्या कॅप्टनने माझ्यासमोर बसूनच पत्र लिहिलं, पॉवर ऑफ अटर्नीही त्याच दिवशी झाली. शुक्रवारी बँकेच्या टायटल विभागातून आपणहून फोन आला आणि संध्याकाळी ईमेलवर परवानगीपत्र. समुद्रकाठ, तुमचं ऐकून व्हिन ताडला. शेवटून दुसरा अंक ८ च्या जागी ३ होता! तुम्ही लिहिलं नसतंत तर मी तसंच घेऊन डलासला गेले असते. लगेच परत पाठवलं, दुरुस्त पत्र आज सकाळी आलं. रिकॉल काही नाही. काचांची फिल्म शनिवारी काढून घेतेय. जर्मनीतला पूर्ण विमा आणि समुद्रप्रवासाचा, दोन्ही घेतले, बँकेच्या नावासकट.

आज दुपारी गाडी आतून साफ करायला घेतली. मागच्या सीटच्या रुळात वाहनपूजेच्या अक्षता निघाल्या, हळद अजून पिवळी होती, आणि झेंडूच्या दोन-चार वाळक्या पाकळ्या. व्हॅक्यूम लावायचा धीर झाला नाही, चिमटीने वेचून काढल्या. एकच विचारायचं राहिलं. डॅशबोर्डवर आईने दिलेला छोटा गणपती चिकटवलेला आहे. तो तसाच ठेवला तर चालेल का?

समुद्रकाठ

गाडीत स्वतःचं सामान ठेवू देत नाहीत, काढून घ्या. चिकटवलेला असेल तर हेअर ड्रायरने जरा गरम करा, सुटून येईल. आणि मुलीची कारसीटही बरोबरच ठेवा. गाडी मागाहून दीड-दोन महिन्यांनी येईल, सीट मात्र उतरल्याबरोबर लागेल.