प्रति: रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करणे
रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना न विचारता मनाने बंद करू नये, हे मूळ पोस्टमध्ये लिहिलंय ते अगदी खरं. पण मनाने सुरू केलेल्या गोळीचंही बघा. बाबांची बायपास झालेली, रक्त पातळ ठेवायला रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी मेडिकलमधून आयबुप्रोफेनची पट्टी आणली आणि नाश्त्यानंतर दोन्ही गोळ्या एकदमच घ्यायला लागले. आयबुप्रोफेन आधी किंवा बरोबर घेतली तर ॲस्पिरिनला प्लेटलेटवर (रक्ताची गुठळी करणाऱ्या कणांवर) जागाच मिळत नाही, गुठळीपासूनचं तिचं संरक्षण कमी होतं. शिवाय अशा वेदनाशामकांनी अंगात पाणी साठतं, बीपी चढतं.

संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ खोल दिसायला लागला, तेव्हा आईने ती पट्टीच डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी ती लगेच थांबवून पॅरासिटामॉल दिली. आता फाईलमध्ये काढे-चूर्णांसकट सगळ्याची यादी असते.